वावर पांढरं पडतं त्या दिवशी: कॅम्परमध्ये राहून गारपीट टिपताना

विदर्भात बर्फ पडत नाही, गार पडते. फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या दुपारी ती अशी कोसळते की दहा मिनिटांत काळं वावर, म्हणजे शेत, पांढरंफट्ट होतं. बर्फाच्या देशात गाडीत राहून फोटो काढणाऱ्यांना पांढरी जमीन आठ-आठ दिवस पुरते, त्यामुळे ते सावकाश चहा पिऊन निघतात. आपल्याकडचा हिशेब फार तर पाऊण तासाचा. तापलेल्या काळ्या मातीवरचा पातळ थर तर पंधरा-वीस मिनिटांत विरघळतो. म्हणून गारपिटीच्या दिवसाचं नव्वद टक्के काम गार पडायच्या आधी उरकलेलं असावं लागतं. गाडी कुठं उभी करायची, छतावर काय झाकायचं, कॅमेऱ्याला कोणती लेन्स लावायची, हे टिनावर पहिली गार वाजल्यावर ठरवायला बसलात तर हाती फक्त चिखल लागतो.

ही पोस्ट ट्रॅव्हलर किंवा टेम्पोचा कॅम्पर (राहायची गाडी) करून खेड्यापाड्यांत राहणाऱ्या फोटोग्राफर मंडळींसाठी आहे. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेड हा संत्र्याचा पट्टा आणि सातपुड्याच्या पायथ्याची गावं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. वर्धा-यवतमाळकडेही यातलं जवळपास सगळं लागू पडेल.

आभाळ ओळखणं

गारेला तीन गोष्टी लागतात. जमिनीजवळ गरम आणि दमट हवा, वर बरीच थंड हवा आणि ढगात जोराचा वर जाणारा झोत. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन तापू लागतं आणि बंगालच्या उपसागराकडून बाष्प येतं. त्याच वेळी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातामुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालीमुळे) वरची हवा थंड झालेली असली की जुळून येतं. फेब्रुवारी २०१४ च्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यात जी गारपीट चालली, ती अजून गावोगाव लोकांच्या तोंडी आहे. एका दुपारीच सगळं संपतं असं नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. इशारा दोन-तीन दिवसांचा असेल तर तयारीही तेवढ्या दिवसांची ठेवा.

सकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा बघायचा. पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. दुपारी बारानंतर मात्र तो बाजूला ठेवून तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि नागपूरच्या डॉपलर रडारचं चित्र बघत राहायचं. रडारवर परावर्तन (ढगातून किती लहरी परत येतात त्याचं माप) ५० डीबीझेडच्या वर गेलं की गारेची शक्यता धरा, ५५ च्या वर असेल तर झाकाझाकीला लागा. ढग बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून पूर्वेला सरकतात. पण एका ढगाच्या पोटातून सुटलेला थंड वारा शेजारी नवा ढग उभा करतो. त्यामुळे आपलं गाव वाटेत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मोबाइलमध्ये दामिनी ॲप असू द्या, ते २० ते ४० किलोमीटरच्या परिघातली वीज दाखवतं.

रेंज नसेल तर आभाळच बघायचं. ढगाच्या बुडाला हिरवट-करडी झाक येते. गडगडाट तुटक न राहता एकसारखा घुमू लागतो. मग उकाडा अचानक मोडून गार वारा सुटतो. तो वारा अंगाला लागला की बऱ्याचदा हातात दहा-पंधरा मिनिटंच उरतात.

गाडी कुठं लावायची

सगळ्यात जास्त फजिती इथंच होते. काळी कापसाची माती कोरडी असताना दगडासारखी टणक वाटते आणि धुऱ्याला (बांधाला) लागून गाडी लावायचा मोह होतो. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. वीस मिलिमीटर पाऊस पुरतो, साडेतीन-चार टनांची गाडी बसते. पांदण रस्त्यावर (वावरांमधल्या कच्च्या वाटेवर) तर जाऊच नका. तिथं गाडी फसली की तुमची गाडी अडकते आणि गावाची वाटही अडते. तेही नेमक्या अशा वेळी, जेव्हा लोकांना बंडी आणि ट्रॅक्टर घेऊन वावरात धावायचं असतं.

मुरमाची किंवा सिमेंटची जागा शोधा. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, समाजमंदिर, जिनिंगचं आवार किंवा पेट्रोल पंपाची कड चालेल. परवानगी सकाळीच घ्या, आभाळ भरून आल्यावर कुणाला बोलायला वेळ नसतो. सावलीसाठी रोज झाडाखाली लावत असाल तर त्या दिवशी ती सवय मोडा. बाभूळ आणि चिंच वाऱ्यात फांद्या टाकतात. उंच एकट्या झाडावर वीज पडते. विजेच्या तारांखाली आणि नाल्याच्या पात्रातही नको.

गाडीचं तोंड ढगाकडे करा. वादळाचा पहिला जोर ढगाकडूनच येतो आणि गार तिरपी पडते. समोरची काच लॅमिनेटेड असते. ती तडकली तरी जागेवर राहते आणि उतरती असल्यानं मारही थोडा निसटतो. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड असतात, त्या फुटल्या की थेट चुरा होतो. बाजूचा दरवाजा वाऱ्याच्या आडोशाला आला तर उत्तम, कारण पहिले फोटो तिथूनच काढायचे आहेत.

छत्री, चांदणी (बाजूचं कापडी छप्पर), टेकूचे खांब, अँटेना सगळं उतरवून आत घ्या. बाहेरून वीज घेतली असेल तर वायर काढून टाका. गाडीची सगळी बॉडी पत्र्याची असेल तर बंद गाडीत विजेपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. फायबरच्या बॉडीला तो भरवसा नाही. अशी गाडी असेल तर वादळापुरतं शाळेच्या व्हरांड्यात किंवा पक्क्या घरात जा.

छतावरचा पसारा

सोलर पॅनेलची भीती लोकांना असायला हवी त्यापेक्षा जास्त असते आणि छताच्या झरोक्याची फारच कमी. आयईसी ६१२१५ या सोलर पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत काचेच्या पॅनेलवर २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगानं मारून बघतात. म्हणजे बोराएवढ्या गारेला चांगलं पॅनेल सहसा दाद देत नाही. लिंबाएवढी, चाळीस मिलिमीटरची गार आली तर मात्र गोष्ट वेगळी. गोळ्याचं वजन व्यासाच्या घनानं वाढतं, त्यात वेगही वाढतो. वाकणाऱ्या पातळ पॅनेलला वर काचच नसते. ते फुटत नाही, पण आतल्या सेलना बारीक तडे जातात आणि वीज हळूहळू घटते. आमचं मत विचाराल तर या भागात वाकणारं पॅनेल घेऊच नका.

झाकायला महागडं काही लागत नाही. जाड सतरंजी, तिच्यावर दुहेरी केलेला बारदाना आणि सगळ्यावर ताडपत्री. ताडपत्री एकटी टाकली तर मार तसाच आत पोचतो. फक्त बारदाना टाकला तर तो भिजून जड होतो आणि वाऱ्यानं सरकतो. चारही कोपऱ्यांच्या कड्यांतून नायलॉनची दोरी ओवून छताच्या कॅरिअरला बांधा, दगड ठेवू नका. वाऱ्यानं दगड घरंगळला की काच फोडायला गारेची गरज राहत नाही.

झरोक्याचं झाकण ॲक्रिलिकचं असेल तर पाच-सात वर्षांच्या उन्हानं ते कडक आणि ठिसूळ झालेलं असतं. त्यावर बारा मिलिमीटरचा प्लायवूड, खाली फोमचा तुकडा आणि दोन पट्टे असं झाकण आधीच कापून ठेवा. हे एक फुटलं की पाणी थेट बिछान्यावर आणि बॅटरीच्या खोक्यावर येतं.

विजेचा हिशेबही सकाळीच करून ठेवा. मार्चमधल्या स्वच्छ दिवशी २०० वॉटचं पॅनेल दिवसभरात ८०० वॉट-तासांच्या आसपास देतं. ढगाळ दिवशी १०० ते २०० मिळाले तरी पुष्कळ, आणि झाकलं की शून्य. खर्च असा धरा: फ्रिज ४००, लॅपटॉप तीन तास १८०, कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्या ८०, दिवे-पंखा-मोबाइल मिळून १०० च्या आत. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॉट-तास असतात. भरलेली असेल तर दीड दिवस निघतो, अर्धी असेल तर रात्रीच फ्रिज बंद. इंजिनवरून चार्ज करणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर असेल तर तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये सुमारे ४०० वॉट-तास परत येतात. लिथियमच्या या बॅटऱ्या शून्य अंशाखाली चार्ज करायच्या नसतात म्हणून बर्फातली मंडळी त्यांना गरम ठेवत बसतात. आपल्याकडे ती कटकट नाही. इथं बॅटरीचा शत्रू एप्रिल-मे.

गार पडत असताना

बाहेर जायचं नाही, हे आधी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागत असेल तर आतच बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं. उघड्या वावरात धातूचा ट्रायपॉड घेऊन उभं राहणं म्हणजे विजेला पत्ता देणं. गडगडाट अजिबात नसेल आणि गार बारीक असेल तरच बाहेर पडा, तेही दुचाकीचं हेल्मेट घालून. छत्री पहिल्याच झोडपणीत फाटते आणि एक हात अडवते.

आडोशाच्या बाजूचा दरवाजा उघडा, लेन्सला हूड लावा, समोर फिल्टर चढवा. आता शटर. बोराएवढी, म्हणजे पंधरा-वीस मिलिमीटरची गार ढोबळमानानं सेकंदाला १२ ते १५ मीटर वेगानं खाली येते. १/१२५ वर ती दहा-बारा सेंटीमीटरची रेघ ओढते. १/६० वर रेघ वीस-पंचवीस सेंटीमीटरची होते आणि मग तो पाऊसच वाटतो. पडणारी गार दिसायला हवी असेल तर १/१२५ ते १/२५० ठेवा. जमिनीवर आपटून उसळणारी टिपायची असेल तर १/१६०० किंवा त्याच्यावर जा. उजेड फार कमी असतो, आयएसओ १६०० ते ६४०० पर्यंत जाईल. जाऊ द्या, थोडे दाणे आलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही.

पार्श्वभूमी काळोखी निवडा. सागाची रांग, तुरीचं उभं पीक, भिजलेली विटांची भिंत किंवा ढगाचं काळं पोट चालेल. फिक्या आभाळासमोर गार दिसतच नाही. आणि ऑटोफोकस बंद करा. कॅमेरा समोरून पडणाऱ्या प्रत्येक गारेमागे धावतो आणि वीसपैकी पंधरा फोटो हुकतात. दहा-पंधरा मीटरवरच्या खोडावर फोकस करून मॅन्युअलवर टाका.

पाऊण तास

गार थांबली, गडगडाट लांब गेला, की इथून घड्याळ सुरू. थांबायचा तो अर्धा तास यातच धरलाय, म्हणून बरेचदा उघड्या वावरातला पातळ थर गाडीच्या दारातूनच टिपावा लागतो. म्हणूनच गाडी लावताना समोर काय दिसतंय हे बघून लावायची.

कुठला पांढरा रंग आधी जातो हे डोक्यात असलं की धावपळ वाचते. सर्वांत आधी उघडं काळं वावर, कारण दुपारभर तापलेली माती खालून गार वितळवते. मग रस्ता. त्यानंतर गहू-हरभऱ्याच्या ओळींमधल्या सऱ्या. मग झाडांखालची जमीन, जिथं पालापाचोळ्यावर गार अधांतरी राहते. सगळ्यात शेवटी टिनाच्या छपरावरून घसरून वळचणीला साचलेले ढीग, ते रात्रीपर्यंत टिकतात. फोटोही याच क्रमानं काढा. वळचणीचा ढीग समोर दिसतो म्हणून लोक तिथंच दहा मिनिटं घालवतात, तोवर वावर काळं होऊन जातं.

एक्सपोजरचा नियम सगळे सांगतात की पांढऱ्याला जास्त द्या. तो अर्धाच खरा आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरतं, म्हणून चौकट सगळी पांढरी असेल तर एक्सपोजर भरपाई +१ ते +१.७ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) द्यावी लागते, नाहीतर गार राखेसारखी येते. पण आपल्याकडचा खरा देखावा निम्मा काळा, निम्मा पांढरा असतो. मातीची ढेकळं वर आलेली आणि सऱ्यांत गार भरलेली. तिथं भरपाई शून्य ठेवा. मीटर दोन्हींची सरासरी बरोबर काढतं. मागे गर्द साग आणि पुढं मोजकी गार असेल तर उलट –०.७ ते –१ करावं लागतं, नाहीतर गारेचे पांढरे ठिपके जळतात. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू न देता तिच्या जवळ ठेवायचा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढायचं.

ढगाखाली रंगाचं तापमान ६,००० ते ६,५०० केल्विन बरं पडतं. खरी मजा मावळतीकडचा ढग फाटून ऊन आल्यावर. उन्हातली गार पिवळी आणि सावलीतली निळी होते. हा फरक ठीक करायला जाऊ नका, तोच तर फोटो आहे. ऊन समोरून घ्या. गार थोडी पारदर्शक असते, मागून उजेड आला की आतून पेटल्यासारखी दिसते, पाठीमागच्या उन्हात मात्र ती मिठाच्या खड्यासारखी निर्जीव. ओल्या पानांची चकाकी काढायला पोलरायझर लावाल तर दीड-दोन स्टॉप उजेड जाईल. त्या वेळी तो परवडत नाही.

या दिवसांत पळस फुललेला असतो. गारेनं फुलं झडतात आणि झाडाखाली पांढऱ्यावर केशरी सडा पडतो. बर्फाच्या कुठल्याही देशात हा फोटो मिळणार नाही. लेन्स ५० किंवा १०० मिलिमीटर मॅक्रो, अॅपर्चर एफ/८, कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर. पाकळ्यांच्या मखमली लवेवर वितळलेल्या पाण्याचे थेंब गोल उभे राहतात. लाल-केशरी रंगाची वाहिनी सर्वांत आधी फाटते, म्हणून हिस्टोग्राम रंगवार बघा आणि गरज पडली तर ०.३ कमी करा. भिवापूरकडे वाळत घातलेली मिरची गारेत सापडली तर हाच नियम. तिथं मात्र आधी मिरची गोळा करायला हात लावा, मग कॅमेरा काढा.

वारा पडलेला असेल तर गारेच्या थरावर घोट्याएवढं, कधी गुडघ्याएवढं धुकं तरंगतं. दमट हवा थंड थराला लागून गोठणबिंदूच्या खूप वर असतानाच धूसर होते. ते सखल भागात, नाल्याच्या काठाला आणि धुऱ्यांच्या मध्ये साचतं. दहा ते तीस मिनिटं राहतं, वाऱ्याची एक झुळूक आली की गेलं. ७०-२०० लेन्सनं, खाली बसून, उन्हाच्या दिशेनं काढा. उभ्यानं वाइड लेन्सनं काढलेल्या धुक्यात फक्त मळकट पांढरा पट्टा येतो.

गारेचं पोट

मोठी गार कापली की आत कांद्यासारखे थर दिसतात, एक काचेसारखा, एक दुधी. ढगात जिथं पाणी भरपूर असतं तिथं ते गारेवर सावकाश गोठतं, हवेचे बुडबुडे निघून जातात आणि थर काचेसारखा स्वच्छ होतो. जिथं थेंब आदळताच गोठतात तिथं बुडबुडे अडकतात आणि थर दुधी होतो. हा फोटो गाडीत, रात्री निवांत काढता येतो, पण गार जपून ठेवली तरच.

लाकडी चिमट्यानं उचला, बोटांची ऊब लागू देऊ नका. बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात एकेक गार ठेवा आणि ट्रे फ्रीझरमध्ये सारा. ओल्या गारा एका डब्यात टाकल्या की त्यांचा एकच गठ्ठा होतो. फ्रीझर नसेल तर थंड केलेल्या थर्मासमध्ये तासभर टिकतात. भोवती मीठ घालू नका. मीठ-बर्फाची युक्ती कुल्फीला ठीक आहे, मीठ गारेला लागलं की तिची कडा खरवडल्यासारखी होते.

चकती काढायला सुरी वापराल तर गार फुटेल. तवा कोमट करा, हाताला जेमतेम ऊन लागेल इतपत, आणि गार एका बाजूनं दाबून निम्मी वितळवा. उलटी करून दुसरी बाजू, मध्ये तीन-चार मिलिमीटरची चकती राहील एवढी. ती पाच मिनिटं पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा. मग काचेच्या तुकड्यावर ठेवून खाली बटर पेपर आणि त्याखाली मोबाइलची टॉर्च. कॅमेरा वरून, मॅक्रो लेन्स, एफ/११, टायमर दोन सेकंद. काच आधी फ्रीझरमध्ये थंड करायला विसरू नका. गरम काचेवर चकती मिनिटाच्या आत चिकट होते आणि थरांच्या रेषा पुसट होतात. मापासाठी स्टीलची पट्टी बरी. नाणंच ठेवायचं असेल तर दहा रुपयांचं ठेवा, ते २७ मिलिमीटर असतं. रुपयाचं टाळा, त्याचे आकार मालिकेप्रमाणे बदललेत.

वावरातली माणसं

गार पडून गेल्यावर शेतकरी वावरात उभा असतो तेव्हा कॅमेरा खाली ठेवा. हरभऱ्याची सोंगणी झालेली गंजी भिजत असेल तर आधी तिच्यावर ताडपत्री ओढायला लागा. गाडीच्या छतावरची असेल ना, तीच काढा. मग सरळ विचारा: “काकाजी, वावराचे फोटू काढू काय? पंचनाम्याले कामी पडतीन.” बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर तिथंच थांबायचं. डोळ्यांत पाणी असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर लांब लेन्स लावणं आम्हाला मान्य नाही, मग तो फोटो कितीही छापला जावो.

नुकसानीचे फोटो मात्र नीट काढून द्या, हे काम फोटोग्राफरच चांगलं करू शकतो. पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं. ते लोक येईपर्यंत गार वितळलेली असते. म्हणून मोबाइलचं लोकेशन सुरू ठेवून, तारीख-वेळ बरोबर आहे याची खात्री करून काढा. एक रुंद फोटो, ज्यात विहीर, गोठा किंवा ओळखू येणारं झाड असेल. मग तेच वावर चारही कोपऱ्यांतून. मग जवळून: गव्हाची मोडलेली ओंबी, फुटलेले घाटे, गारेशेजारी पट्टी. संत्र्याच्या बागेत झाडाखाली एक मीटर चौकोन आखून त्यात पडलेली फळं मोजता येतील असा फोटो. मृग बहाराची (पावसाळ्यात फुललेली) फळं झाडावर असतात आणि आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा) फुलोरा किंवा बारीक फळधारणा त्याच वेळी सुरू असते, म्हणजे एकाच गारेत दोन बहार जातात. फांद्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला साल सोललेली दिसेल. ताजी जखम फिकी असते, लवकरच तपकिरी पडते, म्हणून त्याच संध्याकाळी टिपा. फोटो मूळ फाइल म्हणूनच द्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की लोकेशनची नोंद उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते.

गावाच्या कडेच्या वडा-पिंपळाखाली पोपट, बगळे, वटवाघळं मरून किंवा जखमी होऊन पडलेली सापडतात. जखमी पक्षी खोक्यात अंधारात ठेवा, पाणी चोचीत ओतू नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

रात्री गाडीतलं पाणी

गारपिटीनंतर बाहेरचं तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलेलं असतं आणि गाडीत ओले कपडे, ओल्या ताडपत्र्या, चहाची वाफ. काचा आतून घामेजतात, आणि लेन्सही. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं. दोन माणसं रात्रभरात श्वासावाटे अर्ध्या लिटरच्या आसपास आणखी घालतात. हे पाणी सर्वांत थंड वस्तूवर जाऊन बसतं, आणि सर्वांत थंड वस्तू म्हणजे नुकताच बाहेरून आणलेला कॅमेरा.

त्यामुळे कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, मगच आत आणा. पाणी पिशवीवर बसेल. तासभर उघडू नका. मेमरी कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईनं पिशवी उघडली जाते. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर, हलवत, परत निळे होईपर्यंत भाजा. आच मोठी ठेवली तर ते काळपट पडतात आणि कामातून जातात. त्या कढईत नंतर स्वयंपाक नको, ती वेगळीच ठेवा. दाणे नारिंगीचे हिरवे होणारे मिळाले तर तेच घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं.

दोन झरोके उघडे ठेवून झोपा, एक खाली आणि एक वर. एकच उघडा ठेवला तर हवा खेळत नाही. थंडी वाजते म्हणून कोळशाची सिगडी आत घेऊ नका, कधीच नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तशा रात्रीसुद्धा दोन रजया पुरतात.

दुसऱ्या दिवशी

मुरमावर लावूनही चाक रुतलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक फिरलं की खड्डा खोल होतो. चाकापुढची माती फावड्यानं उतरती करा, पुढं बारदाना किंवा फळी अंथरा. टायरचा दाब नेहमीच्या ६०-६५ टक्क्यांवर आणा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघा. पक्क्या रस्त्यावर आल्यावर लगेच हवा भरा, कमी दाबावर गरम झालेलं टायर फुटतं.

मग शिडी लावून छत बघा. पत्र्यावर खड्डे पडले असतील तर ते राहू द्या, पाणी त्यांतून येत नाही. पाणी येतं झरोक्याच्या आणि पॅनेलच्या पायांच्या कडेनं, जिथं सीलंट मारानं सुटलेलं असतं. नखानं दाबून बघा, सुटलं असेल तर जुनं खरवडून, जागा स्पिरिटनं पुसून, पूर्ण वाळल्यावरच पॉलियुरेथेनचं नवं भरा. ओल्यावर भरलेलं पहिल्याच उन्हात निघतं. पॅनेलची काच शाबूत दिसली तरी दुपारी बारा वाजता स्वच्छ ऊन असताना चार्ज कंट्रोलरवर करंट बघा. बॅटरी रिकामी असताना मोजायचं, कारण भरलेली असली की कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो आणि पॅनेल गेलं असं वाटतं. नेहमीपेक्षा पंधरा-वीस टक्के कमी दिसला तर पॅनेल पुसून पुन्हा मोजा. तरीही कमीच असेल तर आत सेल तडकलेत.